घर शेअर करताय आणि युनिव्हर्सल क्रेडिट घेताय? मग या चुका टाळा

युनिव्हर्सल क्रेडिट (युसी) म्हणजे कमी कमाईवाल्यांना दर महिन्याला मिळणारी सरकारी मदत. हे यूकेत राहणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यातही ज्यांना बेनिफिट मिळू शकतात त्यांच्यासाठी, म्हणजे आयएलआरवाले (कायम राहायची परवानगी मिळालेले), ब्रिटिश पासपोर्टवाले आणि पोर्तुगीज पासपोर्टवर येऊन सेटल्ड स्टेटस मिळवलेले आपले गोंयकार. स्किल्ड वर्कर किंवा स्टुडंट व्हिसावर असाल तर पब्लिक फंड्स, म्हणजे सरकारी मदत, बंद असतात, क्लेमच्या वाटेला जाऊच नका, व्हिसा अंगाशी येईल.

तर प्रकार असा. भाडं एकट्याला झेपत नाही म्हणून दोन ओळखीची माणसं एक घर घेतात, त्यातलं एक जण युनिव्हर्सल क्रेडिटवर असतं, आणि एक दिवस जर्नलमध्ये (युसीच्या ऑनलाइन खात्यातली मेसेजची जागा) मेसेज येतो की तुम्ही 'लिव्हिंग टुगेदर अ‍ॅज अ मॅरिड कपल' आहात असं आम्हाला वाटतं. 2025-26 मध्ये पंचविशी ओलांडलेल्या एकट्या माणसाचा स्टँडर्ड अलाउन्स (मूळ रक्कम) महिन्याला 400.14 पौंड होता आणि कपलचा दोघांत मिळून 628.10. पण खरा मार हा नाहीच, खरा मार म्हणजे दुसऱ्याचा पगार आणि बचत तुमच्या नावावर धरतात. मुलं नसतील आणि आजारपणाचं काही कारण नसेल तर त्याच्या पगारातल्या पहिल्या पौंडापासून, दर पौंडामागे तुमच्या युसीतून 55 पेन्स कापायला सुरुवात होते, आणि दोघांची मिळून शिल्लक 16,000 च्या वर गेली की क्लेमच संपला. "आम्ही दोघं पुरुष, आम्हाला कोण कपल म्हणणार" असं म्हणणारे अजून भेटतात मला. 2005 च्या डिसेंबरपासून हा नियम दोन पुरुषांना आणि दोन बायकांनाही लागू आहे बाबांनो.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे पैशाचा खिचडा. एका बाईंची केस सांगते. पेडण्याकडच्या, पन्नाशीच्या आसपास, सकाळी क्लीनिंगचं काम आणि वरचं युसी. शेजारच्या गावचा एक जण वेअरहाऊसमध्ये नाइट शिफ्ट करणारा, त्याच्याबरोबर दोन बेडरूमचं घर घेतलं. एजंट म्हणाला टेनन्सी दोघांच्या नावावर हवी, ठीक आहे, त्यात काही बिघडत नाही, जॉइंट टेनंट जोडपं नसतील तर भाडं सरळ समान वाटून आपापल्या हाउसिंगच्या पैशात धरतात. पण मग दर महिन्याला गॅस, लाइट, कौन्सिल टॅक्स, ब्रॉडबँड यांचे हिशोब करायचा कंटाळा आला म्हणून कोणीतरी सुचवलं की जॉइंट अकाउंट काढा, दोघांनी त्यात पैसे टाका, सगळी बिलं तिथून जातील. काढलं. जॉइंट अकाउंट उघडलं की दोघांच्या क्रेडिट फाइलमध्ये एकमेकांशी आर्थिक संबंध असल्याची नोंद होते, आणि क्रेडिट एजन्सीचा डेटा बेनिफिटवाले बघतात. पुढे त्या अकाउंटमधूनच दोघांचं किराणा, मग त्याचं गावी जायचं तिकीट, मग बाईंचा नवा कोट. कोणाचे किती हे त्या दोघांनाही सांगता येईना.

मग युसीवाल्यांचा फोन आला. बाईंना वाटलं नीट, प्रेमाने बोललं की काम होतं. जेवण कोण करतं? "मीच करते, एकत्रच जेवतो." आजारी पडलात तर? "तोच बघतो ना, ही इज लाइक फॅमिली." झालं. एकटीचा क्लेम बंद आणि मागच्या महिन्यांचे पैसे परत भरा म्हणून पत्र.

एमआरमध्ये (मँडेटरी रीकन्सिडरेशन, म्हणजे निर्णय पुन्हा तपासा अशी मागणी) काही फरक पडला नाही, तिथे फक्त "तो माझा नवरा नाही" एवढंच लिहिलं होतं, पुरावा शून्य. माझ्याकडे फाइल आली ती अपीलच्या वेळी. मग बसून जमवलं: त्याच्या बायकोला गावी दर महिन्याला पाठवलेल्या पैशांच्या पावत्या, दोन्ही बेडरूमचे फोटो, फ्रिजमधले वेगवेगळे कप्पे (त्याचं बीफ वरच्या कप्प्यात, बाई खात नाहीत), शिफ्टचं वेळापत्रक ज्यावरून दिसत होतं की आठवड्यात "एकत्र जेवण" फक्त रविवारी होतं, आणि सगळ्यात कामाचे निघाले ते व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, "गॅसचे 38 राहिलेत तुझे, आज टाक", "तू दूध संपवलंस, नवीन आण". ट्रायब्युनलमध्ये जजनी विचारलं, त्यांचे कपडे कोण धुतं? बाई एवढ्या चिडल्या, "त्याचे कपडे मी कशाला धुवू?" निकाल बाजूने लागला. पण तोवर त्यांनी भाड्यासाठी बहिणीकडून पैसे उसने घेतले होते, आणि हे सगळं जॉइंट अकाउंटचा शॉर्टकट घेतला नसता तर बहुतेक झालंच नसतं.

माझी स्वतःची सवय सांगते, पटली तर घ्या. बिलं वाटून एकेकाच्या नावावर, आणि दुसऱ्याने आपला वाटा बँकेतून पाठवायचा, रेफरन्समध्ये महिना आणि कशाचे ते लिहायचं, "मार्च गॅस अर्धा". रोख नाही. "लव्ह यू", हार्टचे इमोजी असला फाजीलपणा रेफरन्समध्ये नाही, हो, करतात लोक, मी स्टेटमेंटवर पाहिलंय. भाड्याचं दोघांचं वेगळं ट्रान्सफर. दहा मिनिटांचं काम आहे महिन्याला, त्याचा ज्यांना कंटाळा येतो त्यांनी मग तासन् तास फोनवर होल्डचं म्युझिक ऐकायची तयारी ठेवावी.

एक समजून घ्या. एका घरात राहणं म्हणजे कपल नव्हे, हे कायद्यातच आहे. वेल्फेअर रिफॉर्म अ‍ॅक्ट 2012 च्या कलम 39 मध्ये कपलची व्याख्या आहे, आणि ती लावताना काय बघायचं ते जुन्या केसेसमधून आलंय: एकच हाउसहोल्ड आहे का, नातं किती स्थिर, पैसे कसे चालतात, शारीरिक संबंध, मुलं, आणि चारचौघांत तुम्ही कसे वावरता. यातलं एखादं टिक झालं म्हणून कपल होत नाही, सगळं मिळून बघायचं असतं. बटरवर्थ नावाच्या बाईंची केस आहे ऐंशीच्या दशकातली, बाईंना मोठा अपघात झाला आणि एक गृहस्थ त्यांची काळजी घ्यायला घरी राहायला आले, तर कोर्टाने म्हटलं की माणूस एकत्र का राहतोय ते बघा. गावाकडे रेशन कार्ड वेगळं करताना चूल वेगळी आहे का विचारतात, तसंच आहे हे, फक्त इथे एकाच किचनमध्ये दोन चुली आहेत हे दाखवावं लागतं.

म्हणून फोनवर गोड बोलू नका, नेमकं बोला. "मिळून मिसळून राहतो" हे उत्तर नाही. "सोमवार ते शनिवार मी माझं करते, रविवारी दोघं मिळून मासे आणतो, पैसे अर्धे अर्धे" हे उत्तर आहे. आठवत नसेल तर जर्नलमध्ये लिहून देते म्हणा. शारीरिक संबंधांबद्दल त्यांनी खोदून विचारायचं नसतं, पण तुम्ही आपणहून बोललात तर नोंद होते, तेव्हा तिथे पाल्हाळ नको.

दुसरी चूक जिच्यावर मी भांडते ती घाईची. एकटीचा क्लेम बंद झाला की कोणीतरी शहाणा सांगतो, दोघांचा जॉइंट क्लेम टाक, निदान काहीतरी सुरू होईल. अरे, जॉइंट क्लेम टाकणं म्हणजे आम्ही कपल आहोत असं स्वतःच लिहून देणं! मग अपीलमध्ये कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? आधी निर्णयाच्या तारखेपासून एका महिन्यात मँडेटरी रीकन्सिडरेशन मागा, पुराव्यासकट. तिथे नाही झालं तर त्याच्या निकालाच्या नोटीसच्या तारखेपासून एका महिन्यात ट्रायब्युनलकडे अपील, त्याला फी नाही. चालू असलेला क्लेम बंद करताना तुम्ही कपल आहात हे दाखवायची जबाबदारी त्यांची असते, हे पत्रात लिहायला विसरू नका. तारीख हुकली तर उशिराचं कारण देता येतं, पण त्यावर अवलंबून राहणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत.

बाकीच्या छोट्या छोट्या:

जर्नलमध्ये किंवा फॉर्मवर "माय पार्टनर" लिहू नका. पुण्यात रूम पार्टनर चालतो, इथे त्याचा अर्थ एकच होतो. हाउसमेट लिहा.

एकमेकांच्या नात्यात नसलेली तीन माणसं राहिली की घर एचएमओ (वेगवेगळ्या कुटुंबांनी शेअर केलेलं घर) होतं, लायसन्सचं लचांड नको म्हणून काही मालक सुचवतात की तुमच्यातल्या दोघांना कपल दाखवू. अजिबात नाही. तिसरा असला की घर तरीही एचएमओच राहतं, आणि त्या कागदाचं भोगणार तुम्ही.

कारचा इन्शुरन्स स्वस्त पडतो म्हणून नात्याच्या रकान्यात पार्टनर टाकणारे, तुमच्याबद्दल मला सहानुभूती नाही.

जीपीकडे आणि कामावर नेक्स्ट ऑफ किन म्हणून हाउसमेटचं नाव देऊ नका, भाऊ, बहीण, गावची मुलगी कोणीही चालते. इमर्जन्सी काँटॅक्ट वेगळा, तो हाउसमेट असू दे.

फेसबुकवर दिवाळीचा फोटो टाकून खाली "होम इज व्हेअर यू आर". असो.

आणि खरंच जुळलं दोघांचं, तर लपवू नका, नंतर उकरून निघालं तर जास्तीचे पैसे परत करावे लागतातच, वर 50 पौंडांचा दंडही लागू शकतो, आणि मुद्दाम लपवलं असं वाटलं तर प्रकरण फ्रॉडवाल्यांकडे जातं. त्याच महिन्यात जर्नलमध्ये कळवा आणि नातं कधीपासून ती तारीख नीट लिहा, घरात कधी राहायला आलात ती नाही, नाहीतर हिशोब तिथपासून लावतील.