फाईल येत नाही, वाचायची परवानगी येते

महाप्यातल्या एका छोट्या कंपनीत ट्रेनी म्हणून लागलो, तेव्हा मिळालेलं पहिलं स्वतंत्र काम अगदीच किरकोळ वाटलं होतं. हाउसिंग सोसायटीचे हिशेब ठेवणारं अँड्रॉइड ॲप होतं. खजिनदाराला बँकेचं स्टेटमेंट ईमेलवर किंवा चॅटवर येतं. ते 'शेअर' करताना यादीत आमचं ॲप दिसावं आणि दाबलं की फाईल उघडावी, एवढंच. "दोन दिवसांत देतो," असं लीडला सांगून बसलो. लागले तीन आठवडे.

यादीत दिसणं खरंच सोपं. मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपची ओळख सिस्टिमला करून देणाऱ्या फाईलमध्ये, ॲक्टिव्हिटीला (ॲपच्या एका स्क्रीनला) इंटेंट फिल्टर लावायचा, म्हणजे इतर ॲपच्या कुठल्या विनंत्या (इंटेंट) घेऊ ते लिहायचं, आणि कुठल्या माइम टाइपची, म्हणजे प्रकाराची, फाईल चालेल ते सांगायचं. पण 'शेअर' म्हणजे ॲक्शन सेंड, आणि फाईलवर टिचकी मारून 'ओपन विथ' म्हणजे ॲक्शन व्ह्यू. मी फक्त पहिलाच लावला होता. सेंडमध्ये फाईलचा पत्ता इंटेंटसोबतच्या 'एक्स्ट्रा स्ट्रीम' या जोडकप्प्यात सापडतो, व्ह्यूमध्ये इंटेंटच्या डेटात.

माइम टाइपचा वेगळाच घोळ. सीएसव्ही फाईलला (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेला साधा तक्ता) कुणी 'टेक्स्ट/सीएसव्ही' म्हणतं, कुणी 'टेक्स्ट/कॉमा-सेपरेटेड-व्हॅल्यूज', तर कुणी सरळ 'ऑक्टेट-स्ट्रीम' (नुसते बाइट्स, प्रकार माहीत नाही) म्हणून मोकळं होतं. सगळेच टाइप घेतले तर लोकांच्या लग्नाच्या फोटोंनाही आपलं ॲप सुचवलं जातं. मी पहिले दोन घेतले, ऑक्टेट-स्ट्रीम नाइलाजाने घेतला आणि आत आल्यावर फाईल तपासली.

खरा वेळ गेला तो पुढे. नेटवर शोधून आलेल्या पत्त्यावरून फाईलचा 'खरा पाथ' (डिस्कवरची जागा) काढणारा कोड चिकटवला. माझ्या फोनवर चालला. नौपाड्यातल्या आमच्या पहिल्या खजिनदार काकांच्या फोनवर ॲप धाडकन बंद. आलेला पत्ता 'कंटेंट'ने सुरू होणारा होता, आणि त्यामागे डिस्कवर आपल्याला दिसेल अशी फाईल असेलच असं नाही. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून तर त्या आवृत्तीसाठी बांधलेल्या ॲपने 'फाईल'ने सुरू होणारा पत्ता दुसऱ्या ॲपला दिला की एक्सेप्शनच (चालतानाची चूक) येतं. पाथच्या मागे लागूच नका. असे पत्ते उघडून देणाऱ्या अँड्रॉइडच्या कंटेंट रिझॉल्व्हरकडून इनपुट स्ट्रीम (वाचायचा प्रवाह) उघडायची आणि वाचायचं.

काकांकडे दुसऱ्यांदा गेलो तेव्हा फाईल उघडली, पण दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन: "अरे, कालचं स्टेटमेंट गायब!" मी पत्ता डेटाबेसमध्ये जपून ठेवला होता, पण शेअरमधून मिळालेली परवानगी तात्पुरती. ॲक्टिव्हिटी संपली की तीही गेली. म्हणून हातात येताच फाईल स्वतःच्या फोल्डरमध्ये कॉपी करायची, तीही मेन थ्रेडवर, म्हणजे स्क्रीन सांभाळणाऱ्या धाग्यावर, नाही. ड्राइव्हवरची फाईल असेल तर ती नेटवरून उतरत असते. हे मला ठाणे-वाशी लोकलमध्ये कळलं. ऐरोली सोडल्यावर रेंज गेली आणि ॲप गोठलं. चाचणीला लोकलसारखी लॅब नाही.

कॉपी करताना समोरच्या ॲपने दिलेलं नाव जसंच्या तसं वापरू नका. त्यात '../' ('एक फोल्डर वर जा') असलं तर फाईल भलत्याच फोल्डरात जाऊन बसू शकते. नाव फक्त दाखवायला घ्या, साठवताना आपलं द्या. आणि ॲक्टिव्हिटीला सिंगल टॉप किंवा सिंगल टास्क (उघडी असलेलीच पुन्हा वापरायची सेटिंग) लावलं असेल, तर ॲप आधीच उघडं असताना दुसरी फाईल 'ऑन न्यू इंटेंट' या फंक्शनमध्ये येते. ते न लिहिल्यामुळे काकांना मार्चऐवजी फेब्रुवारीच दिसत राहिला.

तिसऱ्या भेटीत सगळं चाललं. काकूंनी चहा ठेवला, आणि काकांनी दुसऱ्या बँकेचं पीडीएफ शेअर केलं. पासवर्डवालं. आम्ही पासवर्ड विचारायची चौकटच केली नव्हती.