कुत्रीच्या स्तनात गाठ लागली? या चुका टाळा

हल्ली नेटवर वाचून काही जण थेट विचारतात, "रक्तातलं इंटरल्युकिन तपासून कॅन्सर आहे का ते सांगा ना." चूक इथूनच सुरू होते. इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-८, टीएनएफ ही प्रथिनं म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचे एकमेकींना जाणारे निरोप. स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्यातली काही वाढतात, हे खरं. गाठ त्यांचा फायदाही उठवते: इंटरल्युकिन-८ मुळे नव्या रक्तवाहिन्या फुटतात, इंटरल्युकिन-१० मुळे कॅन्सरशी लढणाऱ्या मारेकरी पेशी थंडावतात. पण गोचीडताप, गर्भाशयात पू, किडलेला दात, यांतही हेच निरोप धावतात. पावसाळ्यात गोदाकाठच्या गवतातून फिरून आलेल्या कुत्रीच्या कानामागे बोट फिरवून बघा, गोचीड हाताला लागेल. अशा कुत्रीच्या रक्तात हे आकडे वाढलेले दिसले, तर त्यावरून गाठीबद्दल काय कळणार? गाठ कसली आहे हे बायोप्सीच, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणीच, ठरवते.

दुसरी चूक जास्त घातक. "दाह (सूज) कमी करायचाय ना" म्हणून घरातली आयब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक देणं. कुत्र्याच्या जठरात त्याने व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. उरलेलं स्टेरॉइड सोबत दिलं तर धोका आणखी वाढतो. कृपा करून देऊ नका.

लाल, गरम, दुखरी सूज म्हणजे दुधाची गाठच, असं धरून नुसतं अँटिबायोटिक देत राहू नका. कुत्री व्यालेली नसेल, खोटी गर्भारही नसेल, तर हा दाहक प्रकारचा कॅन्सर असू शकतो. त्यात शस्त्रक्रियेचा सहसा उपयोग होत नाही, म्हणून निदान आधी हवं.

"वाटाण्याएवढीच आहे, बघू पुढे" असं म्हणून थांबणं तर घरोघरी. महिन्यातून एकदा तिला उताणी झोपवा आणि पाचही जोड्या चाचपा. मागच्या पायांजवळच्या शेवटच्या दोन जोड्यांत गाठी जास्त सापडतात. ३ सेंटिमीटरपेक्षा लहान असतानाच काढलेल्या गाठीचं भवितव्य सहसा बरं असतं. शस्त्रक्रियेआधी छातीचा एक्स-रे मागा, कारण हा कॅन्सर फुप्फुसात पसरतो. काढलेली गाठ फेकू देऊ नका, फॉर्मॅलिनमध्ये लॅबला पाठवायला सांगा. साधारण निम्म्या गाठी घातक निघतात आणि नुसतं बघून ते कळत नाही.

माज थांबवायला प्रोजेस्टेरॉनसारखी इंजेक्शनं देणंही टाळा, त्यांनी गाठींचा धोका वाढतो. नसबंदीबद्दल वेळेत विचारा: १९६९ च्या अमेरिकी अभ्यासात पहिल्या माजाआधी नसबंदी झालेल्या कुत्र्यांमध्ये या गाठींचा धोका नसबंदी न केलेल्यांच्या धोक्याच्या ०.५ टक्के इतकाच आढळला, पहिल्या माजानंतर ८ आणि दुसऱ्यानंतर २६ टक्के.