वणव्यावर मोठं विमान की छोटं? आधी फेऱ्या मोजा

मी ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात रूरल फायर सर्व्हिसची, म्हणजे ग्रामीण अग्निशमन दलाची, स्वयंसेवक आहे. उन्हाळ्यात धावपट्टीवर छोट्या विमानांच्या टाक्या भरते. वणवा भडकला की ओळखीच्या मराठी घरांतून हमखास विचारणा होते, "ते मोठं बोइंग का पाठवत नाहीत?" हे कसं ठरवायचं, ते सांगते.

पहिला हिशेब फेऱ्यांचा. एअर ट्रॅक्टर एटी-८०२ या छोट्या विमानात सुमारे ३,००० लिटर मावतं, बोइंग ७३७ मध्ये १५,०००. पण समजा, आगीजवळच्या धावपट्टीवरून छोट्याची फेरी, टाकी भरण्यासकट, २० मिनिटांत होते आणि बोइंगला सिडनीजवळच्या रिचमंडच्या हवाई तळावर जाऊन भरून यायला दीड तास लागतो. मग तासाला छोट्याचे ९,००० लिटर पडतात, बोइंगचे १०,०००. छोटी दोन असली की बोइंग मागे पडलंच. शिवाय छोट्याला मातीची धावपट्टीही चालते. वैमानिक आत बसलेला, इंजिन चालू, आणि आम्ही नळी जोडून टाकी भरतो. आग नुकतीच लागली असेल, तर मोठ्याची वाट बघत बसू नका. जवळचं छोटं ताबडतोब उडवा. पहिल्या तासाइतकी किंमत पुढे कशालाच नसते.

मग बघा जमीन. अरुंद दरी, विखुरलेली घरं, इकडेतिकडे उडालेल्या ठिणग्यांच्या आगी असतील, तर छोटंच घ्या. ते वळणं घेत नेमक्या जागी पाणी किंवा फेस टाकतं. जवळ धरण असेल तर हेलिकॉप्टरचा विचार आधी करा. एअरक्रेन हे मोठं हेलिकॉप्टर सोंडेसारख्या नळीने मिनिटाच्या आत टाकी भरून घेतं.

आग हाताबाहेर गेली आणि तिच्या वाटेत डोंगराच्या सोंडेवर आग अडवणाऱ्या द्रावणाचा लांब पट्टा ओढायचा असेल, तर मोठं विमान हवंच. अमोनियम फॉस्फेटचं लाल द्रावण आगीवर नाही, आगीपुढच्या झाडोऱ्यावर टाकतात. पुढे वाट दाखवणारं छोटं विमान असतं, आणि धुरातून पट्टा दिसायला हवा. लाल द्रावण ओढ्या-नाल्यांपासून लांब ठेवा. पट्ट्याखाली माणूस नाही, याची खात्री करूनच टाकायला सांगा. तेवढं वजन अंगावर आलं तर जीव जातो.

जमिनीवरची तुकडी त्या पट्ट्यापाशी वेळेत पोचणार नसेल, तर मोठं विमान मागवू नका. आग पट्ट्याखालून धुमसत पलीकडे जाते. निलगिरीच्या जळत्या साली तर वाऱ्याबरोबर किलोमीटरभर पुढे पडतात.

आणि वारा. २३ जानेवारी २०२० ला न्यू साउथ वेल्समधल्या कूमाजवळ सी-१३० हे आग विझवणारं मोठं विमान कोसळलं, तिघे अमेरिकन कर्मचारी गेले. ते आपली गावं वाचवायला आले होते. सोसाट्याचा वारा असेल तर मोठं-छोटं दोन्ही जमिनीवरच राहू द्या, आणि विमानाच्या भरवशावर न बसता लोकांना लवकर घर सोडायला सांगा.