लेकरांच्या सर्वेक्षणाला निघताना

वजनकाटा आणि उंची मोजायची फळी कुणी विसरत नाही. राहून जातं ते गावाचं कॅलेंडर. येळवस (वेळ अमावास्येचा सण), पोळा, जत्रा, सोयाबीनची काढणी, ग्रामपंचायतीची निवडणूक, मागच्या पाच वर्षांतलं सगळं महिन्यासकट लिहून आदल्या दिवशी आशाताईंकडून तपासून घ्या. कारण आई सांगते, "येळवशीच्या आठ दिस आधी झालं," आणि आधार कार्डावर असते १ जानेवारी. अशी तारीख दिसली की लसीचं कार्ड मागायचं. वय पुऱ्या महिन्यांतच लिहा. माझ्या पहिल्या फेरीत मी चौदा महिन्यांच्या पोराला 'दीड वर्ष' लिहिलं. उंची ७६ सेंटीमीटर. चौदाव्या महिन्याला ठीक, अठराव्याला मात्र वाढ खुंटलेली. पोरगं अंगणात कोंबडीमागं धावत होतं, कागदावर खुजं झालं. २०१५-१६ आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या खुज्या मुलांचं प्रमाण ३४.४ वरून ३५.२ टक्क्यांवर गेलं. एवढ्याशा फरकावर बोलायचं तर वय अंदाजानं लिहून कसं चालेल? दोन वर्षांच्या आतलं लेकरू आडवं मोजा, पुढचं उभं.

दसऱ्यानंतर बीडकडं जाणार असाल तर घरातल्या माणसांच्या यादीत जागा ठेवा. आई-बाप कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर, लेकरं आजीपाशी. काल रात्री घरात कोण झोपलं होतं, आई जिवंत आहे का, ती याच घरात राहते का, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारा. एका वाड्यात दोन चुली असतील तर कुटुंबंही दोन. आईचं शिक्षण म्हणजे पास झालेली शेवटची इयत्ता. नववी नापास असेल तर आठवी. आजीला ठाऊक नसेल तर 'माहीत नाही' लिहा, तिच्या तोंडी काही घालू नका.

आडनावावरून जात ओळखायची हुशारी नको, विचारा. उत्पन्न मात्र विचारू नका, खरं कुणी सांगत नाही. भिंत, जमीन, पत्रे की माळवद (मातीचं छत), संडास, फ्रीज, मोटारसायकल हे नोंदवलं की घराची सांपत्तिक पायरी त्यावरूनच निघते. फक्त दारातली गाडी घरचीच का, एवढं विचारा, पाहुण्याचीही असते.

काट्याचे जास्तीचे सेल घ्या. वाडीवरच्या दुकानात मिळाले तर मिळाले.