विनाइल झग्याचा जावा: बाहुला आणि त्याचे वेष्टन हाताने घडवताना

केनर या अमेरिकी कंपनीने १९७८ साली ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटातील पात्रांचे पहिले बारा बाहुले विक्रीस आणले. त्यांतला जावा, म्हणजे चित्रपटातला झगा घातलेला बुटका वाळवंटी जीव, जेमतेम सव्वादोन इंचांचा होता. आरंभी त्याच्या अंगावर विनाइलचा, म्हणजे मऊ प्लॅस्टिकचा, झगा होता, पण लवकरच कापडी झगा आला. त्यामुळे विनाइल झग्याचा जावा दुर्मीळ झाला आणि त्याच संचातील ओबी-वान या बाहुल्याचा झगा कापून, तो जावाला घालून अस्सल म्हणून विकण्याचे प्रकारही घडले. म्हणून इंदूरला घरी मी हा बाहुला घडवला तेव्हा त्याच्या पाठीवर ‘प्रतिकृती’ हा शब्द आणि वर्ष आधी कोरले. आपणही ते रंगकामापूर्वीच करावे.

कापडी झग्याचा जावा तुलनेने सहज पाहायला मिळतो, त्यावरून मापे घ्यावीत. तारेच्या सांगाड्यावर एम-सीलसारख्या इपॉक्सी पुट्टीने धड घडवावे आणि हात वेगळे करावेत, कारण ते खांद्यात फिरले नाहीत तर झगा चढवता येत नाही. पुढे सिलिकॉनचा दोन भागांचा साचा करून त्यात पॉलियुरेथेन रेझिन (घट्ट होणारे द्रव प्लॅस्टिक) ओतावे. हे काम जुलै-ऑगस्टमध्ये मुळीच करू नये. श्रावणात मी ओतलेली पहिली प्रत बुडबुड्यांनी भरून गेली, कारण हे रेझिन हवेतला ओलावा शोषते. हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

सर्वाधिक वेळ झग्याला द्यावा. कापडाचे अस्तर नसलेले पातळ, तपकिरी विनाइल निवडावे, वर्तमानपत्राच्या कागदावर बेतून पाहावे, आणि खांद्यावर कागद नीट बसल्यावरच नव्या ब्लेडने एका ओढीत कापावे; थांबत कापल्यास कड दातेरी होते. घड्या पडल्या असतील तर झगा क्षणभर गरम पाण्यात बुडवून हाताने सरळ करावा. मऊ विनाइलमधील द्रव्य कालांतराने बाहेर येऊन रंगाला चिकटते, म्हणून ॲक्रिलिक रंग काही दिवस पूर्ण वाळू द्यावा, मगच झगा चढवावा.

वेष्टनाचे पुठ्ठ्याचे कार्ड सुमारे सहा बाय नऊ इंचांचे असते. त्याच्या पाठीवर बाराही बाहुल्यांची चित्रे असल्याने संग्राहक त्याला ‘ट्वेल्व्ह-बॅक’ म्हणतात. त्यासाठी पुठ्ठा मी खजुरी बाजारातून आणला. छपाई कोणत्याही चांगल्या डिजिटल प्रेसमध्ये होते. बाहुल्यावरचे पारदर्शक कवच मात्र कस पाहते. ते घडवण्याचे यंत्र नसल्यास लाकडी ठोकळा गुळगुळीत घासून घ्यावा, पेट (PET) या पारदर्शक प्लॅस्टिकची पातळ शीट चौकटीत घट्ट बसवून हॉट एअर गनने सर्वत्र सारखी तापवावी आणि ती लोंबू लागताच ठोकळ्यावर दाबावी. फार तापली तर ती दुधाळ होते व पुन्हा पारदर्शक होत नाही. माझ्या चार शीट अशा वाया गेल्या. कवच चिकटवण्यास सायनोॲक्रिलेट (झटपट चिकटणारा सुपरग्लू) वापरू नये, कारण त्याच्या वाफेने आतून पांढरा थर बसतो. दुहेरी चिकटपट्टीची अरुंद पट्टी कडेने लावावी. कवच बंद करण्यापूर्वी कार्डाच्या पाठीवरही ‘प्रतिकृती’ असे न पुसणाऱ्या शाईने लिहावे.