शाळेतली कादंबरी मोठेपणी वाचताना

शाळेत वाचलेली कादंबरी म्हणून जे आठवतं, ती बहुतेकदा कादंबरी नसतेच. पाठ्यपुस्तकात आलेला तो उतारा असतो: चार-पाच पानांचा, मुलांना झेपेल इतका छाटलेला, खाली शब्दार्थ आणि स्वाध्याय. मागचं-पुढचं काही डोळ्यांखालून गेलेलं नसतं. त्यामुळे पुस्तक पुन्हा हाती घेताना आपल्याला त्यातलं नेमकं काय ठाऊक आहे, हे आधी तपासावं.

पुस्तक उघडण्यापूर्वी एक कोरा कागद घ्या आणि दहा मिनिटांत आठवेल ते लिहून काढा. माणसांची नावं, एखादा प्रसंग, शेवट, तेव्हा कोण आवडलं आणि कोणाचा राग आला. आधी चाळायचं नाही. एकदा पानं दिसली की आठवण आणि मजकूर यांची सरमिसळ होते, ती नंतर सोडवता येत नाही. हा कागद शेवटच्या पानाशी ठेवा आणि वाचून संपेपर्यंत त्याकडे बघू नका. त्यावरचा एखादा प्रसंग पुस्तकात सापडतच नाही, असं बऱ्याचदा होतं. तो सिनेमातला असतो, किंवा बाईंनी वर्गात रंगवून सांगितलेला.

आता प्रत. शीर्षकपानाच्या मागची बाजू वाचल्याशिवाय पुस्तक घेऊ नका. ‘संक्षिप्त’, ‘कुमार आवृत्ती’ किंवा ‘रूपांतर’ असं काही लिहिलं असेल तर ते बाजूला ठेवा. शाळेतल्या उताऱ्यासारखीच तिथेही कात्री चाललेली असते. पुनर्मुद्रण म्हणजे जुनाच मजकूर पुन्हा छापलेला. सुधारित आवृत्तीत मात्र बदल असू शकतात. ते कोणी केले, हे सहसा निवेदनात दिलेलं असतं. जुनी प्रत मिळाली तर आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. १९६२ साली लेखनाचे नवे नियम आले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या छपाईत ‘घरांत’, ‘नाहीं’, ‘तें’ असं दिसतं. पहिली दहा-पंधरा पानं नजर अडखळते. तेवढी मोठ्यानं वाचावीत, मग डोळा सरावतो.

प्रस्तावना शेवटी वाचा. अभिजात पुस्तकाची प्रस्तावना लिहिणारा शेवट सांगून टाकतो, कारण सगळ्यांनी पुस्तक वाचलेलंच आहे असं तो धरून चालतो.

सुरुवात बारीक पुस्तकाने करावी. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) यासाठी उत्तम. सातशे पानांच्या ठोकळ्याने आरंभ करणाऱ्यांचं पुस्तक बहुधा शंभरीच्या आत मिटतं. याचं मोठं कारण वेळापत्रक. रोज पाच पानं वाचली तर माणसांची नावंही डोक्यात टिकत नाहीत. पहिली पन्नास पानं एका किंवा फार तर दोन बैठकींत संपवा, पुढे रोज वीस-पंचवीस. तीनशे पानांची कादंबरी अशी दोन आठवड्यांत होते. ह. ना. आपट्यांसारख्यांचं गणित वेगळं. ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ या साप्ताहिकात क्रमशः आली. लेखक मध्येच थांबून वाचकाशी बोलतो, मागचं पुन्हा सांगतो, ते आठवड्याच्या अंतरामुळे. अशी कादंबरी सलग शंभर पानं रेटली तर कंटाळवाणी वाटते. एका बैठकीत दोनच प्रकरणं वाचली तर तीच लय सुखाची होते.

खुणा पेन्सिलने, आणि तीनच. अडलेल्या शब्दाला टिंब, पटलं नाही तिथे फुली, पुन्हा वाचावंसं वाटलं तिथे उभी रेघ. शाळेची सवय म्हणून ओळीन् ओळ अधोरेखित होऊ लागली तर पेन्सिल खाली ठेवा. बोलीतल्या शब्दासाठी लगेच कोश उघडू नका. माणदेशी शब्द दोन-तीनदा आला की संदर्भाने कळतो. तरी नाही कळला तर प्रकरण संपल्यावर बघा.

सगळ्यात जास्त लक्ष निवेदकाकडे द्या. मुलाला गोष्ट दिसते, गोष्ट सांगणारा दिसत नाही. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतली. तिची प्रकरणं म्हणजे एकेक रात्र, कारण मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रात्री आठवणी सांगतो आहे. शाळेत ही चौकट गळून पडते आणि हाती उरतात संस्कारांचे धडे. मोठेपणी वाचताना प्रत्येक रात्री एक प्रश्न विचारा: हे छोट्या श्यामला तेव्हाच कळलं होतं, की सांगणाऱ्याला आता कळतं आहे? मग वडिलांचं कर्ज, सावकाराचा तगादा, घराची जप्ती हे सारं पुढे येतं. एकाच बाईचा जीव ओढाताणीत कसा झिजत जातो, ते दिसतं. ‘बनगरवाडी’तही तसंच. तरुण मास्तर हा नायक, अशी आठवण असते. पुस्तक खरं गावाचं आणि मेंढरांचं आहे, आणि दुष्काळ आला की गाव ओस पडतो.

जातीवरून किंवा बाईवरून खटकणारी वाक्यं येतील. तिथे घाईने पुस्तक मिटू नका, आणि ‘तो काळच तसा होता’ म्हणून पुढेही जाऊ नका. फुली मारा आणि बाजूला एकच शब्द लिहा: पात्र, निवेदक की लेखक. म्हणजे हे कोण बोलतं आहे. पात्राच्या तोंडचं वाक्य पुस्तक पुढे खोडून काढतं का, ते शेवटी कळतं. निवेदकाचं वाक्य कुठेच खोडलं गेलं नाही, तर आपली हरकत ठाम ठेवायला काहीच अडचण नाही.

कादंबरी संपली की दोन दिवस जाऊ द्या. मग सुरुवातीचा कागद काढा, आणि जुनं पाठ्यपुस्तक मिळालं तर तो उतारा मूळ प्रकरणाशेजारी ठेवून वाचा. जे गाळलं आहे त्यावर पेन्सिलने उभी रेघ ओढा. शिव्या, जातीचे उल्लेख, लांबलेली वर्णनं आणि प्रकरणाचा शेवटचा परिच्छेद, या जागा आधी तपासा.