रक्तदाबाच्या गोळ्या जादा पोटात गेल्यास काय करावे

ठाणे-नवी मुंबईतल्या कितीतरी घरांत गोळ्यांच्या डब्यात अ‍ॅम्लोडिपिनची पट्टी असते. चुकून किंवा निराशेच्या भरात या गोळ्या जादा घेतलेला माणूस पहिले काही तास नीट बोलत-चालत असू शकतो, आणि घरचे नेमके तिथेच फसतात. या औषधाची रक्तातील पातळी साधारण ६ ते १२ तासांनी सर्वाधिक होते. म्हणून घरच्या यंत्रावर १२०/८० दिसले तरी सकाळची वाट पाहू नये.

ताबडतोब १०८ क्रमांकावर फोन करावा. घोडबंदर रस्त्यावरच्या कोंडीत रुग्ण बेशुद्ध झाला, तर रिक्षात काहीच करता येत नाही. तोवर त्याला सपाट झोपवावे, गुंगी असून श्वास चालू असेल तर कुशीवर वळवावे आणि श्वास थांबल्यास छाती दाबणे सुरू करावे. बाथरूमपर्यंतही चालवू नये. मीठ-साखरेचे पाणी येथे कामाचे नाही. मिठाचे पाणी पाजून उलटी काढणे तर घातकच, कारण ती श्वासनलिकेत जाऊ शकते.

रिकाम्या पट्ट्या सोबत न्याव्यात. नावापुढे ‘एटी’ असल्यास गोळीत बहुधा अ‍ॅटेनोलॉलही असते, ज्याने नाडीही मंदावते. किती गोळ्या, किती वाजता, हे डॉक्टरांना खरे सांगावे. पोलिसांच्या भीतीने बरेच जण लपवतात. परंतु २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध न झाल्यास, तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि त्यासाठी तिच्यावर खटला चालवून शिक्षा केली जात नाही.

रुग्णालयात वरचा दाब ९० च्या खाली गेल्यास आधी सलाइन दिले जाते, पण मोजूनच, कारण जास्त झाल्यास फुप्फुसांत पाणी साचते. त्यासोबत कॅल्शियम आणि रक्तवाहिन्या आकुंचित करणारे नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सुरू होते. तरीही दाब सावरला नाही, तर इन्सुलिनचे मोठे डोस देतात: ६० किलोच्या रुग्णाला सुरुवातीलाच सुमारे ६० युनिट. “यांना शुगर नाही, मग इन्सुलिन कशाला?” असे नातेवाईक हमखास विचारतात. विषबाधेत हृदयाच्या स्नायूला ग्लुकोज वापरता येत नाही. इन्सुलिन ते वापरायला लावते. त्यामुळे शिरेतून ग्लुकोज चालू ठेवून साखर आणि पोटॅशियम वारंवार तपासले जाते.

अ‍ॅम्लोडिपिन शरीरातून हळूहळू उतरते. रुग्णाला बरे वाटले तरी किमान २४ तास देखरेखीतून हलवू नये आणि गोळ्या जाणूनबुजून घेतल्या असतील, तर घरी आणण्यापूर्वी मानसोपचारतज्ज्ञांची भेट झालेली असावी. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २४ तास सुरू असतो.